वीस गुंठ्यांचा शिक्षण कर

छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सेवापुस्तकात एकच ठपका आहे आणि तो ज्वारीमुळं आला. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या परभणीकराला ज्वारीनंच दगा द्यावा, याची माझ्या बायकोला अजून गंमत वाटते. पेन्शनीचे कागद तयार होत असताना तालुक्याच्या कारकुनानं त्या नोंदीवर बोट ठेवून विचारलं, साहेब, हे काय प्रकरण? मी म्हटलं, चहा सांग, मग सांगतो. त्याचा चहा संपेपर्यंत आणखी दोन कारकून येऊन बसले आणि ऐकून झाल्यावर त्यातलाच एकजण म्हणाला, हे कुठंतरी लिहून काढा. म्हणून हा खटाटोप.

मी तलाठी होतो. आमच्याकडं जुनी माणसं अजूनही पटवारीच म्हणतात. गंगाखेड तालुक्यात गोदावरीच्या काठानं पाच गावं माझ्याकडं होती. सायकलच्या कॅरिअरला दप्तर बांधायचं आणि फिरायचं. जमीन कोणाची, तिच्यात पीक काय, तिच्यावर सरकारचं देणं किती, या तीन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडं असत. निदान असावीत अशी अपेक्षा होती. सोयरीक जमवायला निघालेला बाप सातबाऱ्याचा उतारा न्यायला आला की मी उताऱ्याबरोबर मुलीकडच्या घराची माहितीही फुकट द्यायचो. एक म्हातारबुवा दर महिन्याला स्वतःच्याच जमिनीचा उतारा वाचून घ्यायला यायचे. दोन मुलं शहरात होती, जमीन अजून आपल्याच नावावर आहे ना, एवढंच त्यांना ऐकायचं असे. ऐकलं की खूश होऊन परत जायचे.

पीकपाहणी हा आमच्या कामाचा कणा. तलाठ्यानं बांधावर जावं, कोणत्या शेतात काय उभं आहे ते डोळ्यांनी बघावं आणि लिहावं, असा कायदा. रीत वेगळी होती. मला काम शिकवणारे म्हातारे पटवारी सांगायचे, "गेल्या सालचं पान बघ अन् यंदाचं भर. जमीन काय पळून जात नसती." मी तेच केलं. चावडीत बसायचं, गावच्या कोतवालाला विचारायचं, तो सांगेल ते लिहायचं. नोकरीची पहिली दहा वर्षं मी बांधावर गेलो ते हुरडा खायला.

आता ज्या गोष्टीवरून सगळं घडलं ती सांगतो. शेतसारा सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्या जोडीला जिल्हा परिषदेचा उपकर असतो. पण महाराष्ट्र राज्य झाल्यावर थोड्याच वर्षांत आणखी एक कर आला, शिक्षण कर. शहरात तो घरांवर बसला. खेड्यात बसला पाण्यावरच्या नगदी पिकांवर: ऊस, केळी, हळद असल्या. ज्वारी-बाजरीला तो नव्हता. ज्याच्या शेतात पाणी आणि पैसा आहे त्यानं शाळांसाठी थोडं जास्त द्यावं, असा त्यामागचा विचार. मला तो तेव्हाही बरा वाटायचा. अडचण एवढीच होती की ऊस आहे की ज्वारी, हे ठरवणारा सरकारी डोळा म्हणजे मी, आणि तो डोळा चावडीत बसलेला असे.

पाच गावांपैकी एका गावाची ही हकिकत आहे. नाव लिहीत नाही. तिथली पोरं आता मोठ्या हुद्द्यांवर आहेत आणि त्यांच्या आजोबांचा ऊस काढत बसणं बरं दिसत नाही. गावचे सरपंच बापूराव पाटील. साठीचे, भरघोस मिशांचे, बोलायला मोकळे. आठ एकर ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ. माझ्या कागदावर त्या आठ एकरांत बरीच वर्षं ज्वारी उभी होती. माझ्या आधीच्या पटवाऱ्यानं तसं लिहिलं होतं, मी पान बघून पान भरलं. पैसे मी घेतले नाहीत, पण गुऱ्हाळ लागलं की गुळाची एक ढेप माझ्या घरी यायची आणि ती कशाची हे मी कधी विचारलं नाही. आज लिहिताना त्याची लाज वाटते. तेव्हा गूळ गोड लागायचा.

गावच्या शाळेला इमारत नव्हती. चौथीपर्यंतचे वर्ग मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात भरत. एकच मास्तर, सोळंके गुरुजी. बौद्धवाड्यातली मुलं मंडपाच्या कडेला पायऱ्यांवर बसत. तिथं बसा असं त्यांना कोणी सांगत नव्हतं. वर या असंही कोणी म्हणत नव्हतं. गुरुजी म्हणायचे तेव्हा मुलं वर यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरीवर. ऐंशीचं दशक संपायला आलं होतं आणि तरी हे असं होतं. मग सरकारची खडू-फळा मोहीम आली आणि गावाला दोन पक्क्या खोल्या मंजूर झाल्या. जागा गावानं ठरवायची होती.

दिवाळीनंतर ग्रामसभा बसली. बापूरावांनी आपल्या खळ्याशेजारची जागा देऊ केली. फुकट. खोल्यांवर वडलांच्या नावाची पाटी लागावी, एवढंच. लोकांनी माना हलवल्या. बौद्धवाड्यातल्या दोघा-तिघांनी गावाबाहेरच्या गायरानाची सूचना केली. गायरान गाव आणि वाडा यांच्या मधोमध, रस्त्याला लागून होतं. पाटलांचं खळं म्हणजे वाड्यातल्या लेकरांनी अख्खं गाव ओलांडून, थोरल्या गल्लीतून, पाटलांच्या दारावरून जायचं. जायला मनाई नव्हती, पण ती गल्ली लहान मुलांना लांबच वाटायची.

बापूराव रागावले नाहीत. हसतच म्हणाले, "ऊस आमचा, त्याच्यावरचा कर आमचा. शाळा चालती ती आमच्या पैशावर. मग जागा आमी म्हनू तिथंच व्हावी का न्हाई?"

मी कोपऱ्यात दप्तर मांडीवर घेऊन बसलो होतो. बापूरावांनी शिक्षण कराचा एक पैसाही कधी भरलेला नाही, हे त्या सभेत दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक बोलत होता आणि दुसरा खाली मान घालून होता. निर्णय सव्वीस जानेवारीच्या सभेवर गेला.

चार-सहा दिवसांनी केराबाई माझ्याकडं आली. केराबाई बौद्धवाड्यातली, पन्नाशीची, उंच, सावळी, चालणं भरभर. नवरा पूर्ण्याला रेल्वेत गँगमन, सुट्टीला घरी येई. शेत हिच्या अंगावर. अडीच एकर जमीन होती आणि दोन वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून विहीर झाली होती. तिची नातवंडं त्या पायऱ्यांवर बसत.

ती उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली की तिच्या शेताला शाळेची पट्टी लावा.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. कर कमी करा म्हणून येणारी माणसं मी रोज बघत होतो. लावा म्हणून आलेलं हे पहिलंच. मी तिला समजावलं की तिच्या जमिनीत ज्वारी आहे आणि ज्वारीला हा कर नसतो. ती म्हणाली, विहिरीवर वीस गुंठे ऊस हाय, गेल्या सालीबी होता. मी पान उलटून बघितलं. ज्वारी. मी जरा हळू आवाजात म्हटलं, मावशी, लिहिलंय ते तुमच्या फायद्याचंच आहे, कशाला खाजवून खरूज काढता?

ती म्हणाली, "पटवारीसाहेब, विहीर खांदताना माझ्या हाताची सालं निघाली. ऊस म्या लावला, पानी म्या दिलं. अन् तुमच्या कागदावर तो न्हाईच. मंग भर सभेत कुनी म्हनलं की शाळा आमच्या पैशाची, तर म्या काय दाखवू?"

ती पुढं म्हणाली, "ज्याचं त्याचं तुमी बगा. मला कुनाचं सांगायचं न्हाई. माझा ऊस लिवा, पट्टी घ्या अन् रशीद द्या."

पावतीला आमच्याकडं अजून रशीदच म्हणतात, निजामाच्या राज्यातला शब्द. रशीद हवी तर नोंद हवी, नोंद हवी तर पाहणी हवी. मी म्हटलं, उद्या येतो शेतावर.

गेलो. केराबाईचं शेत नदीच्या अंगाला होतं आणि तिथं जायची वाट बापूरावांच्या आठ एकरांतून. दहा वर्षांत त्या वाटेनं मी कधी गेलो नव्हतो. आत शिरलो आणि दोन्ही बाजूंनी ऊस डोक्याच्या वर हात-दोन हात. सायकल बाहेर ठेवली होती. पाचोळ्यात वाट दिसेना. एका ठिकाणी डावीकडं वळायचं ते उजवीकडं वळलो आणि पंधरा-वीस मिनिटं फिरत राहिलो. पानांनी हात-गळा कापून निघाला. माझ्या कागदावरच्या ज्वारीत मी हरवलो होतो. शेवटी हाका मारल्या. खुरपायला आलेल्या बायकांनी आवाजावरून मला काढून बांधावर आणलं आणि पटवारी कुठून उगवला म्हणून पदर तोंडाला लावून हसल्या.

केराबाईचे वीस गुंठे मी पावलांनी मोजले. वीसच होते, एखादा गुंठाही इकडंतिकडं नाही. विहिरीच्या काठावर बसून पाणी प्यायलो आणि वहीत लिहिलं, ऊस. मग लेखणी थांबली. तिचा लिहिला आणि जो तुडवत आलो तो नाही लिहिला, असं कसं करायचं? हातावरच्या चिरा चुरचुरत होत्या. मी पान उलटलं, बापूरावांचा गट काढला आणि तिथंही लिहिलं, ऊस, आठ एकर. लिहिताना शौर्य वगैरे काही वाटलं नाही. बापूरावांच्या एका शब्दानं माझी बदली जिंतूरच्या डोंगराकडं होऊ शकली असती आणि माझी मुलं गंगाखेडला शाळेत होती.

त्यांना दुसऱ्याकडून कळण्याआधी आपणच सांगावं म्हणून मी सरळ गुऱ्हाळावर गेलो. काहिलीत रस उकळत होता. बापूराव बाजेवर बसले होते. मी उभ्यानंच सांगून टाकलं. त्यांचा चेहरा पडला, मग लाल झाला. म्हणाले, इतकी वर्सं चाललं ते आजच काहून टोचायलंय? मी केराबाईचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं की मी शेतातून आलोय, आणि हात पुढं केले. त्यांनी त्या चिरा बघितल्या.

मग ते जे बोलले त्याची मला कल्पना नव्हती. म्हणाले, "आमच्या बापानं उभी हयात निजामाला लोकल फंड भरला. साऱ्याच्या जोडीनं पटवारी वसूल करायचा, सडका अन् मदरसे, म्हंजी शाळा, बांधायला म्हनून. बापाच्या हयातीत ह्या गावाला ना सडक आली ना मदरसा. म्या शिकायला गंगाखेडला, मामाच्या घरी. तिथं शिकवायचं उर्दूत. दोन सालं म्या वर्गात नुसता बसून होतो, मास्तर काय म्हनायलाय ते कळंना. गावात मराठी शाळा आली ती पोलीस ॲक्शननंतर, निजाम गेल्यावर, तवा माझं वय निघून गेलं होतं. आता सांगा, शाळेच्या नावानं पैसा मागितला तर म्या काय म्हनून द्यावा?"

हे लिहून ठेवण्यासारखं आहे असं मला तेव्हाच वाटलं होतं. करबुडवेगिरीला इतकं खरं कारण मी पुन्हा ऐकलं नाही. मी त्यांच्या बाजेच्या कडेला टेकलो आणि म्हटलं, पाटील, तो पैसा हैदराबादला गेला आणि परत आला नाही. हा येतो. सोळंके गुरुजी दर महिन्याला पगार घेतात तो यातूनच येतो, आणि खोल्या येतायत त्याही. त्यांनी विचारलं, रक्कम किती भरायची? मी हिशेब करून आकडा सांगितला. "एवढीच?" बापूराव म्हणाले. "अन् ह्याच्यापायी तुमाला दर साली ढेप?" मग ते हसायला लागले. मला हसू येत नव्हतं. त्या दिवसापासून ढेप बंद झाली. बायकोनं दुकानातून गूळ आणला आणि कारण विचारलं नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि देवळासमोर सभा भरली. मुद्दा जागेचा निघाला. बापूरावांनी पुन्हा खळ्याचं नाव घेतलं, आवाज मात्र पहिल्यासारखा नव्हता. केराबाई बायकांमधून उठली. बौद्धवाड्यातली बाई सभेत उठून बोलते, हे गावानं पहिल्यांदाच बघितलं. तिनं कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि सोळंके गुरुजींना दिला. वाचा म्हणाली.

गुरुजींनी चष्मा लावून वाचलं: तिचं नाव, गट नंबर, पीक ऊस, क्षेत्र वीस गुंठे, शिक्षण कर, रक्कम, पोच. खाली माझी सही.

केराबाई म्हणाली, "शाळा माझ्याबी पैशावर चालती. आता जागंचं बोलू."

बापूरावांच्या पुतण्यानं खोचकपणे विचारलं की वीस गुंठ्यांची पट्टी ती केवढी. बापूरावांनी त्याला हातानं गप्प केलं, खिशात हात घातला आणि स्वतःची पावती काढली. आदल्याच दिवशी भरली होती. म्हणाले, माझी रक्कम मोठी हाय, पर म्या यंदा पैल्यांदाच भरली, ही गोष्ट खरी. भर सभेत त्यांनी हे का कबूल केलं, मला आजतागायत नीट सांगता येत नाही. बहुतेक कागद हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या बाईसमोर खोटं बोलायला त्यांना जड गेलं असावं.

तेवढ्यात मागून एक सालगडी उठला. त्याला गुंठाभरही जमीन नव्हती. तो म्हणाला, "ज्याहिला ऊस हाय त्याहिनी पावत्या दाखविल्या. आमी काय दाखवावं? आमची लेकरं काय फुकट बसत्यात?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सभेत बोलणं हे माझं काम नव्हे. पण उठलो. मी त्याला विचारलं, काडीपेटी घेतोस का? घेतो. कारभारणीला लुगडं? वर्साला एक. आजारपणात गोळ्या? मग त्या प्रत्येकात विक्रीकर असतो, दुकानदार किमतीतच धरून घेतो, त्याची वेगळी रशीद मिळत नाही एवढंच. आणि मग मी गावाला ते सांगितलं जे मला स्वतःला तालुक्याच्या खजिन्यात चलन भरता भरता उमगलं होतं. या गावचा सगळा शिक्षण कर गोळा केला, पाटलांचे आठ एकर धरून, तरी गुरुजींचा वर्षाचा पगार निघत नाही. मी जमा करतो तो पैसा गंगाखेडच्या खजिन्यात जातो, तिथून राज्याच्या तिजोरीत. तिथं सगळ्या महाराष्ट्राचा पैसा एक होतो. परभणीत सिनेमा बघणाऱ्याचा, मुंबईतल्या गिरणीचा, कोल्हापूरच्या गुळाचा. त्यातून जिल्हा परिषदेला अनुदान येतं आणि त्यातून गुरुजींचा पगार होतो. कोणाचा रुपया कोणाच्या पोराला लागला हे देवाला सांगता येणार नाही.

बापूराव विचारात पडले. म्हणाले, "म्हंजी आपल्या गावची शाळा मुंबैवाला चालवायलाय?"

मी म्हटलं, हो, आणि तुमच्या उसावर कुठंतरी कोकणातली शाळा चालत असेल.

लोक हसले. कोकणातल्या पोरांना आपला पाटील शिकवतो, यावर गाव पुढं कितीतरी दिवस हसत होतं. बापूरावही हसले. मग केराबाईकडं वळून म्हणाले, "बोला, जागा कुठं म्हनता?"

"गायरान," ती म्हणाली. "तुमच्या दारातनं जेवढं लांब, माझ्या दारातनं तेवढंच."

हात वर करून ठराव झाला. पुतण्यानं हात वर केला नाही, त्यानं काही बिघडलं नाही.

यानंतर माझी कथा थोडी वाकडी झाली. केराबाईची रशीद गावानं पाहिली आणि प्रत्येकाला स्वतःची हवीशी वाटू लागली. ज्याच्या बांधावर केळीची चार झाडं होती तोही पट्टी लावा म्हणून आला. मला त्या साली गावातला प्रत्येक बांध चालावा लागला. पिंडऱ्या दुखायच्या, पण गाव मला पहिल्यांदा कळलं. मार्चअखेर माझ्या सज्जाची, म्हणजे माझ्याकडच्या पाच गावांची, कराची मागणी एकदम वाढलेली आणि वसुली शंभर टक्के, असा कागद तहसीलला गेला. शाबासकी मिळेल असं वाटत होतं. तहसीलदारांनी बोलावून घेतलं आणि विचारलं, एका वर्षात एवढा ऊस आला कुठून? गेल्या वर्षी काय होतं तिथं? मी म्हटलं, ऊसच होता, साहेब. मग लिहिलं काय होतं? ज्वारी. साहेब सज्जन होते. त्यांनी डोक्याला हात लावला आणि लेखी खुलासा मागितला. मी खरं ते लिहिलं. जागेवर न जाता पीकपाहणी केल्याबद्दल ठपका आला, एक वेतनवाढ वर्षभर रोखली गेली. तो ठपका रास्त होता. दहा वर्षं जे करायला पाहिजे होतं ते अकराव्या वर्षी केलं, त्याचं बक्षीस कसलं मागायचं? पण तो जर आला नसता तर ही गोष्ट माझ्याजवळ कागदावर राहिली नसती.

गायरानाचा पंचनामा मी केला, प्रस्ताव मी पाठवला, दोन वर्षं त्याच्या मागं फिरलो. खोल्या उभ्या राहिल्या. गोदावरीची वाळू बापूरावांच्या गाड्यांनी आणली. इमारत झाल्यावर मात्र सोळंके गुरुजी माझ्याकडं तक्रार घेऊन आले. बापूराव रोज सकाळी घंटेच्या आधी शाळेच्या दारात हजर असायचे. गुरुजी पाच मिनिटं उशिरा आले की म्हणायचे, कर भरतो आमी. एकदा वर्गात मागं बसून त्यांनी पाढे ऐकले आणि सतराच्या पाढ्यात गुरुजींनाच चूक दाखवली. गुरुजी म्हणाले, "कर तुम्ही लावलात, पण भोग माझ्या वाट्याला आले." मी त्यांना सांगितलं की उपाय एकच, तुमचं घड्याळ पाच मिनिटं पुढं करा. त्यांनी केलं. मग शाळा पाच मिनिटं लवकर भरू लागली आणि लवकर सुटूही लागली. बापूरावांच्या ते लक्षात यायला सहा महिने लागले.

पुढं मला बढती मिळाली आणि मी पाथरीला मंडळ अधिकारी होऊन गेलो. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाच्या नावाचा निर्णय जाहीर झाला. सोळा वर्षं तटलेलं प्रकरण. मराठवाड्यात सगळीकडं धास्ती होती, कारण अठ्ठ्याहत्तर साली नामांतराला विरोध म्हणून गावोगाव दलितांची घरं जाळली गेली होती आणि ते कोणी विसरलं नव्हतं. या गावात तेव्हा जाळपोळ झाली नव्हती, पण बौद्धवाड्यातली कुटुंबं आठ दिवस नदीकाठच्या झाडीत आणि पूर्ण्याला नातेवाइकांकडं राहिली होती आणि लेकरं महिनाभर शाळेला आली नव्हती. जुनी ओळख आहे म्हणून गंगाखेडच्या तहसीलदारांनी मला तिकडून बोलावून घेतलं आणि गावात जाऊन बसायला सांगितलं.

सकाळच्या एसटीनं उतरलो. रस्त्यावर माणूस नव्हता, दुकान बंद. शाळेकडं वळलो तर लिंबाखाली खुर्ची टाकून बापूराव बसलेले, मांडीवर काठी. मिशा पांढऱ्याफेक झाल्या होत्या. मी विचारलं, कधीपासून बसलात? उत्तर केराबाईनं दिलं. ती ओट्यावर बसून शेंगा निवडत होती. म्हणाली, "तीन दिस झाले. घंटा झाली की येत्यात, सुटली की उठत्यात. कुनी काई सांगितलं न्हाई. म्या म्हनलं, बसायचं तर बसा, पर पानी घ्यायचं माझ्या घरचं."

खुर्चीशेजारी तिच्या घरचा पितळी तांब्या होता, अर्धा रिकामा.

आतून कवितेचा आवाज येत होता. नवीन आलेल्या बाई पहिली-दुसरी घेत होत्या आणि शेजारच्या खोलीत सोळंके गुरुजी. मी दारातून डोकावलो. गुरुजींनी मला बघितलं आणि बोलता बोलता हातातल्या खडूनं फळ्याच्या कोपऱ्याकडं खूण केली. तिथं रोजच्यासारखं लिहिलं होतं: पट एकोणसत्तर, हजर एकोणसत्तर.